केस पेपरवरचे शब्द आणि हातात असलेला वेळ

जनावरांच्या डॉक्टरांच्या तोंडचे बरेचसे अवघड शब्द तुम्हाला एकच गोष्ट सांगत असतात: तुमच्याकडे वेळ किती आहे. उद्या सकाळपर्यंत थांबलं तर चालेल, की आत्ताच रिक्षा काढायला हवी. गोळ्या चार दिवस की चार आठवडे. पुढची तपासणी कधी. शब्द कळला नाही तर ही वेळच कळत नाही, आणि मुक्या जनावराला ती आपल्याला सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी डॉक्टर नाही. बडोद्यात एका लहान क्लिनिकमध्ये पुढच्या टेबलावर बसते. केस पेपर लिहिते, वजन करते, लशींच्या तारखा आल्या की फोन करते. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेला माणूस कागद माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, "बेन, आ शुं लख्युं छे?" म्हणजे, ताई, हे काय लिहिलंय? दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याकडचं कुणी मराठी असलं तर, "ताई, काय म्हणाल्या हो नक्की डॉक्टर?" आत त्यांनी सगळं नीट सांगितलेलं असतं. आमच्या डॉक्टर आणंदच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकल्या, १९६४ सालचं जुनं कॉलेज ते, आणि समजावून सांगण्यात त्या कधी कंटाळा करत नाहीत. पण टेबलावर आपलं कुत्रं थरथरत असताना माणसाच्या कानात काही शिरत नाही. खाली जे लिहिलंय ते मी त्यांच्याकडूनच शिकले आणि पोस्ट टाकण्याआधी त्यांना वाचायला दिलं.

केस पेपरवर सगळ्यात वर वजन, त्याखाली टेम्परेचर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, मांजराचंही जवळपास तेवढंच. आपल्याला १०१ म्हणजे ताप, म्हणून कागदावर १०१.८ दिसलं की लोकांचा जीव वरखाली होतो. पुढे 'नॉर्मल' लिहिलेलं असतं, तरी घरी जाऊन कुणीतरी आपल्या डब्यातली तापाची गोळी अर्धी करून देतं. हे मी हात जोडून सांगते: मांजराला पॅरासिटामॉल कधीही द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. मांजराच्या यकृतात ते औषध पचवून बाहेर टाकायची सोय फार तोकडी असते. त्याचा विषारी भाग रक्तात उरतो, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्यांच्या बाबतीत आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात व्रण होतात आणि किडनीवर घाला येतो. आणि नाक कोरडं आहे म्हणून ताप आहे असं काही नसतं. ताप थर्मामीटरनंच कळतो, तोही शेपटीखालून घेतलेला.

तापमानाच्या पुढची ओळ लोक वाचतच नाहीत, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. तिथे 'एमएम पिंक, सीआरटी दोन सेकंदांच्या आत' असं काहीतरी असतं. एमएम म्हणजे हिरड्यांचा रंग, सीआरटी म्हणजे दाबलेल्या हिरडीत रक्त परत यायला लागणारा वेळ. हे घरी करता येतं. कुत्रं शांत पडलेलं असताना वरचा ओठ हलकेच उचला. सुळ्याच्या वर, जिथे हिरडी ओली आणि गुलाबी दिसते, तिथे अंगठ्यानं दाबा. दाबलेली जागा पांढरी पडेल. अंगठा काढा आणि बघा: दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय. शरीरातलं पाणी कमी झालं असेल, आत कुठे रक्तस्राव होत असेल किंवा शॉक असेल. हिरडी पांढुरकी म्हणजे रक्त कमी, पिवळी म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे श्वासाचं संकट, विटेसारखी लाल म्हणजे अंगात मोठं इन्फेक्शन किंवा उष्माघात असू शकतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. जनावर ठणठणीत असताना हे दोन-चारदा करून ठेवा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग तुमच्या डोळ्यात बसेल. रात्री अकराला मला फोन करून "हिरड्या फिकट वाटतात" असं सांगणारा माणूस आणि "काहीतरी बरं नाही वाटत" असं सांगणारा माणूस, यांत पहिल्याच्या कुत्र्याला मदत लवकर मिळते, कारण डॉक्टरांना काय तयार ठेवायचं ते लगेच समजतं.

त्याच्याच जोडीला 'डिहायड्रेशन' आणि पुढे एक टक्केवारी असते. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच जागेवर बसायला हवी. तंबूसारखी वर उभी राहिली तर पाणी बरंच कमी झालंय. म्हाताऱ्या आणि फार हडकलेल्या जनावरांची कातडी तशीही सैल असते, म्हणून त्यांच्यात हिरड्यांचा ओलावाच जास्त खरं सांगतो.

आता औषधाच्या चिठ्ठीकडे. बीआयडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीआयडी म्हणजे तीनदा, ईओडी म्हणजे दिवसाआड. एसआयडी म्हणजे दिवसातून एकदा. हा शेवटचा शब्द फक्त जनावरांच्या डॉक्टरांच्या लिहिण्यात चालतो, माणसांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत तो नसतो. त्यामुळे माणसांच्या औषधाच्या दुकानात तो चुकून दोनदा किंवा चारदा असा वाचला जाण्याचा धोका असतो. एका लॅब्रॅडोरला आठवडाभर दुप्पट डोस गेला तो असाच. दुकानदारानं पाकिटावर दोन वेळा लिहून दिलं आणि घरच्यांनी पाकीटच वाचलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक चिठ्ठीवर 'दिवसातून एकदा, सकाळी' असं मराठीत किंवा गुजरातीत लिहून देते. तुमच्याकडे असं कुणी लिहून देत नसेल तर तुम्ही लिहून घ्या, काउंटरवर उभं राहूनच.

पीओ म्हणजे तोंडावाटे. आयएम स्नायूत, आयव्ही शिरेत, एससी कातडीखाली. या एससीबद्दल आम्हाला फार फोन येतात. म्हाताऱ्या मांजरांना किंवा थोडंसंच पाणी कमी झालेल्या पिल्लांना सलाईन कधी कधी कातडीखाली देतात. मग घरी गेल्यावर पाठीवर मऊ, हलणारा उंचवटा दिसतो, तो हळूहळू खाली सरकतो, पुढच्या पायाकडे येतो. लोक घाबरून जातात की इंजेक्शन पिकलं. ते सलाईनच असतं, काही तासांत शरीर ते शोषून घेतं. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, गरम लागलं किंवा हात लावू देत नसलं, तर मात्र दाखवायला आणा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही 'एनपीओ' सांगतो, म्हणजे आम्ही सांगू त्या वेळेपासून तोंडावाटे काही द्यायचं नाही. उपाशी बघवत नाही म्हणून अर्धी पोळी देणारी आजी प्रत्येक घरात असते आणि तिचा जीव किती तुटतो ते मला दिसतं. पण भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर गिळायची-खोकायची शुद्ध नसते, ते थेट फुफ्फुसात उतरतं आणि त्यातून जीवघेणा न्यूमोनिया होतो. चुकून दिलं गेलंच तर लपवू नका, सांगा. ऑपरेशन थोडं पुढे जाईल, एवढंच. अगदी लहान पिल्लांचा हिशेब वेगळा असतो, त्यांना फार वेळ उपाशी ठेवलं की साखर उतरते, म्हणून त्यांची वेळ वेगळी विचारून घ्यायची.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द 'टिक फीवर'. गोचिडीच्या चाव्यातून येणारा ताप. हे एका आजाराचं नाव नाही. अर्लिकिया वेगळा, बॅबेसिया वेगळा, ॲनाप्लाझ्मा वेगळा, आणि कधी दोन एकत्र. अर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस देतात. बॅबेसिया हा लाल पेशींच्या आत राहणारा परजीवी, त्याची औषधं निराळी. म्हणून "टिक फीवर आहे" असं ऐकलं की पुढचा प्रश्न "कुठला?" हा असावा. उत्तर कधी लगेच मिळतं, कधी ब्लड स्मियर म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही मिळत नाही. स्मियरमध्ये दिसला तर आहे. दिसला नाही म्हणून नाहीच, असं म्हणता येत नाही. अशा वेळी डॉक्टर पुढची टेस्ट सुचवतात तेव्हा लोकांना वाटतं बिल वाढवतायत. दोन आजारांची औषधं वेगळी आहेत हे कळलं की ती टेस्ट कशासाठी ते कळतं.

२८ दिवसांचं तर मला रोज सांगावं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं खायला लागतं, शेपूट हलवतं, आणि गोळी थांबते. अर्लिकियाला एक मधली अवस्था असते, 'सबक्लिनिकल' म्हणतात तिला. वरून सगळं छान, आत जंतू शिल्लक. ती महिने, कधी वर्षंही चालते. त्यातून पुढे 'क्रॉनिक' अवस्था आली की अस्थिमज्जेवर परिणाम होतो, नाकातून रक्त येतं, आणि मग कुत्र्याला परत आणणं फार कठीण होतं. डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी देऊ नका, आणि मांजराला दिलीत तर मागून पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

क्रॉनिक म्हटलं की लोक रडायला लागतात आणि ॲक्यूट म्हटलं की हायसं वाटतं. खरं तर दोन्ही शब्द आजार किती दिवसांचा आहे तेवढंच सांगतात. ॲक्यूट म्हणजे अचानक उठलेला, क्रॉनिक म्हणजे रेंगाळलेला. ॲक्यूट आजार दोन दिवसांत बरा होतो किंवा दोन दिवसांत जीव घेतो. क्रॉनिक किडनीच्या आजाराचं मांजर पथ्यपाण्यावर वर्षानुवर्षं मजेत जगताना मी बघते.

रक्ताच्या रिपोर्टबद्दल थोडं. रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल रेंज' कुणाची आहे ते आधी बघा. माणसांच्या लॅबमध्ये नमुना गेला असेल तर ती माणसांची असते. वर 'कॅनाइन' म्हणजे कुत्र्याची किंवा 'फेलाइन' म्हणजे मांजराची असं लिहिलेलं असलं पाहिजे. पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती. कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ टक्के. प्लेटलेट्स कुत्र्यात ढोबळमानानं दोन ते पाच लाख. मांजराच्या प्लेटलेट्स नळीतच एकमेकींना चिकटतात, त्यामुळे मशीन आकडा फार कमी दाखवतं. रिपोर्टखाली 'क्लम्प्स' असं लिहिलेलं असेल तर तो आकडा धरून घाबरू नका, डॉक्टर काचेवर बघून ठरवतात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, मात्र उलट फसवतं. रेंगाळलेल्या किडनीच्या आजारात ते वाढेपर्यंत किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. म्हाताऱ्या मांजराचं क्रिएटिनिन 'जरासं वर' असेल तर त्या 'जरासं'कडे दुर्लक्ष करू नका, लघवीची तपासणी लगेच करून घ्या.

लघवीवरून आठवलं. केस पेपरवर 'पीयू/पीडी' दिसतं, म्हणजे लघवी जास्त, पाणी पिणं जास्त. ही साधी अक्षरं आहेत, पण त्यांच्यामागे मधुमेह, किडनी, कुशिंग्ज (हार्मोनचा एक आजार) अशी मोठी नावं उभी असतात. आणि मादी असेल, नसबंदी झालेली नसेल, तर आणखी एक नाव: पायोमेट्रा. गर्भाशयात पू भरणं.

मागच्या उन्हाळ्यात दांडिया बाजारातून एक आजोबा त्यांची पांढरी पॉमेरेनियन घेऊन आले होते. नऊ वर्षांची, नाव सोनी. नखं कापायला आणली होती, बाकी काही तक्रार नाही. मी वजन लिहीत होते तर तिनं आमच्या भांड्यातलं पाणी उभ्या उभ्या संपवलं. मी भांडं भरलं, तेही संपलं.

"आजोबा, घरीपण एवढं पिते?"

"अहो ताई, वरच्या मजल्यावर राहतो आम्ही, पत्रे तापतात. उन्हाळा आहे, पिणारच."

"खाते नीट?"

"खाण्याचं म्हणाल तर दोन दिवस नाटकं चाललीत तिची. दूधभाताला तोंड लावत नाही."

"हीटवर, म्हणजे माजावर, कधी आली होती?"

आजोबा जरा संकोचले. "गेल्या महिन्यात येऊन गेली."

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. सोनोग्राफीत गर्भाशयाची दोन्ही शिंगं, म्हणजे नळीसारखे दोन फाटे, पाण्यानं भरल्यासारखी फुगलेली दिसली. डॉक्टरांनी लिहिलं 'क्लोज्ड पायो' आणि ऑपरेशन त्याच संध्याकाळी ठरवलं. आजोबा बाहेर येऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "नखं कापायला आणली होती हो."

पायोमेट्रा दोन तऱ्हेचा. 'ओपन' म्हणजे गर्भाशयाचं तोंड उघडं, त्यामुळे पू बाहेर येतो, गादीवर डाग दिसतात, वास येतो, घरच्यांना कळतं. 'क्लोज्ड' म्हणजे तोंड बंद. बाहेर काही दिसत नाही, आत भरत जातं, विष रक्तात पसरतं, गर्भाशय फुटूही शकतं. म्हणून क्लोज्ड या शब्दाचा अर्थ आज, आत्ता. साधारणपणे हीट संपल्यावर दोन महिन्यांच्या आत हा त्रास होतो, आणि मध्यमवयीन, म्हाताऱ्या माद्यांमध्ये जास्त. सोनी वाचली. परवाच येऊन नखं कापून गेली.

पाणी जास्त पिते की नाही हा अंदाजाचा विषय नाही, मोजता येतो. सकाळी मापाच्या भांड्यानं पाणी भरा, चोवीस तासांत जेवढं भराल ते लिहा, उरलेलं वजा करा. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यानं एक लिटरपेक्षा जास्त प्यायलं की फोन करा. घरात दोन जनावरं असतील तर एक दिवस वेगवेगळी ठेवा. हा आकडा कागदावर लिहून आणलात तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

बोक्यांच्या बाबतीत शब्द 'ब्लॉक'. फतेहगंजला राहणारा युनिव्हर्सिटीतला एक मुलगा बोका घेऊन आला, म्हणाला कालपासून बद्धकोष्ठ आहे, सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो. ते बद्धकोष्ठ नव्हतं, लघवी अडकली होती. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट साका अडकला की थेंबही बाहेर येत नाही. रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका ट्रेमध्ये वारंवार जातोय आणि माती कोरडीच आहे, असं दिसलं तर रात्र असली तरी निघा. तसंच मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांचं पोट टम्म फुगलं आणि ओकारी काढतात पण काहीच पडत नाही, तर पोटाला पीळ बसला असण्याची शक्यता असते. कागदावर त्याला 'जीडीव्ही' लिहितात. तिथे तास मोजायचे असतात.

झटक्यांबद्दलही तेच. 'इडिओपॅथिक एपिलेप्सी' लिहिलेलं असलं की लोकांना वाटतं काहीतरी दुर्मीळ रोग आहे. इडिओपॅथिक म्हणजे तपासण्या करूनही कारण सापडलं नाही असं. सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिला झटका आलेल्या आणि बाकी तपासण्या चांगल्या असलेल्या कुत्र्यांमध्ये हे निदान बऱ्याचदा होतं आणि रोजच्या गोळ्यांवर ती चांगली जगतात. झटका आला की तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. भोवतालचं सामान हलवा, पंखा लावा, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर तातडी. चोवीस तासांत दोन किंवा जास्त झटके आले तर त्याला 'क्लस्टर' म्हणतात, तीही तातडीच. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

आता दोन शब्द, ज्यांच्यामुळे लोक आशा सोडतात. पहिला 'सपोर्टिव्ह ट्रीटमेंट'. पार्वो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब करणारा विषाणूचा आजार, झालेल्या पिल्लाच्या कागदावर हा असतोच. पार्वो १९७८ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, तेव्हापासून आजतागायत उपचारांचा मुख्य आधार हाच राहिला आहे: शिरेतून सलाईन, उलटीचं औषध, आतड्यातून दुसरे जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिक, आणि झेपेल तितक्या लवकर थोडंथोडं खाणं. लोकांना सपोर्टिव्ह ऐकून वाटतं, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. पिल्लाचं शरीर विषाणूशी लढेपर्यंत त्याला तग धरवायचं, हाच तिथे उपचार आहे आणि त्यावर पुष्कळ पिल्लं उठतात. फक्त लवकर आणा. रक्ताचे जुलाब सुरू झाल्यावर मग बघू म्हणू नका, पिल्लू मलूल होऊन खाणं सोडतं तेव्हाच आणा. आणि घरातली फरशी पुसायला ब्लीच वापरा, हॅंड सॅनिटायझरनं हा विषाणू मरत नाही, बाहेर मातीत तो महिनोन्महिने राहतो.

दुसरा शब्द 'गार्डेड'. प्रोग्नोसिस गार्डेड, म्हणजे पुढे काय होईल ते आत्ता सांगता येत नाही, दोन्ही बाजूंची तयारी ठेवा. जगणार नाही असा त्याचा अर्थ नाही. तसंच 'स्टेबल' म्हणजे बरा झाला असंही नाही. आत्ता या घडीला घसरण थांबलीय, एवढंच. मला वाटतं हे शब्द ऐकल्यावर डॉक्टरांना सरळ विचारावं, "पुढच्या चोवीस तासांत काय दिसलं तर बरं समजायचं, आणि काय दिसलं तर लगेच यायचं?" आमच्या डॉक्टर या प्रश्नाला खूश होऊन उत्तर देतात, कारण मग रात्रीचा फोन नेमका येतो.

लशींचं राहिलं. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देतात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे भरल्यावर. इतक्यांदा का, तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लशीला काम करू देत नाही, आणि ती कुठल्या आठवड्यात ओसरेल हे पिल्लागणिक बदलतं. दोन डोस झाले म्हणजे झालं, असं म्हणून पिल्लाला कमाटी बागेत फिरवणारी माणसं बघितली की मला राहवत नाही, मी थांबवून सांगते.

स्टिकरवर 'डीएचपीपीआयएल' असं लांबलचक असतं. डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्वो, पॅराइन्फ्लुएन्झा आणि शेवटचा एल, लेप्टोस्पायरा. बडोदेकरांनी या शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्यावं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा रस्त्यात मगरी आल्या हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. पाण्यातून काय काय आलं ते दिसत नव्हतं. लेप्टो उंदीर, गुरं यांच्या लघवीतून पाण्यात मिसळतो आणि ओरखड्यातून, डोळ्या-तोंडातून अंगात शिरतो. ताप, उलट्या, अंग दुखल्यामुळे उठायला नको वाटणं, मग डोळे-हिरड्या पिवळ्या, लघवी कमी. किडनी आणि यकृत दोन्ही धरतो. आणि तो माणसालाही होतो. कागदावर 'झूनॉटिक' हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ हाच: जनावराकडून माणसाला लागू शकणारा. म्हणजे जनावराची लघवी पुसताना हातमोजे, नंतर साबण, आणि घरात कुणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराबद्दल न विसरता सांगायचं. रेबीजही याच यादीतला, आणि सगळ्यात भयंकर. कुठल्याही कुत्र्या-मांजराचा दात लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि थेट माणसांच्या दवाखान्यात जायचं. चावणारं जनावर घरचं आणि लस दिलेलं असलं तरी विचारायला जायचंच.

लेप्टोच्या लशीचा प्रभाव साधारण वर्षभरच राहतो. पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक. बाकीच्या काही लशींना तीन वर्षांचं अंतर चालतं असं तुम्ही कुठे वाचलं असेल, ते एलला लागू नाही. पाऊस तोंडावर आहे. कुत्र्याची फाइल काढा, शेवटच्या स्टिकरवरची तारीख बघा, शेवटी एल आहे का बघा. काही स्टिकरांवर 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' इतकंच असतं, तेव्हा त्यात लेप्टो आहे ना, हे दवाखान्यात फोन करून विचारा. दुसरा डोस द्यायचा राहिला असेल तर आधीचा किती दिवसांपूर्वीचा आहे ते सांगा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का ते डॉक्टर ठरवतील. लस दिल्या दिवशी आंघोळ घालू नका, आणि लस दिल्यावर अर्धा तास आमच्या बाकावर बसून मगच निघा, कारण तोंड सुजणं किंवा उलट्या अशी रिॲक्शन आली तर ती बहुतेक त्याच वेळात येते.